खारा हात

नेपानगरला कागदाची गिरणी उभी राहत होती, त्या साली दगा सुताराला तिकडं काम लागलं. हत्यारं तेवढी नव्हती. ती होती भावाची, चुडामणची. तापीच्या पुरात नाव उलटली, चुडामण काही सापडला नाही. पाणी ओसरल्यावर गाळात त्याची हत्यारांची थैली मिळाली. ती हत्यारं साफ करत कोकिळा, चुडामणची बायको, बुधवारा पेठेतल्या घराच्या ओसरीवर बसली होती.

पटाशा, करवत, रंध्याचं पातं. सगळ्यांवर गंजाची लाल साय धरलेली. घासलेटमध्ये भिजवायचं, विटेच्या भुकटीनं घासायचं, चिंधीनं पुसायचं, मग तेल. चुडामण रोज काम संपलं की आधी तेल लावायचा. त्याच्या हाताचा घामच खारा. तेल लावायचं राहिलं, की सकाळी लोखंडावर त्याच्या बोटांचे ठसे गंजून उठायचे.

"वहिनी, लगीन लावायचंय का रंध्याचं?" दगा म्हणाला. "किती घासता." मग आवाज खाली आला. "मी जाण्याआधी दर्भाचा पुतळा करून दादाचे दिवस घालू. लोक विचारतात."

"देह मिळाला का?"

 तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे दगाला बघवेना.

दिवेलागणीपर्यंत तिनं पातं इतकं घासलं, की त्यात तिचा डोळा दिसला. तेल मात्र लावलं नाही. मुद्दामच. पातं ओसरीवर ठेवून ती आत गेली, दाराला कडी घातली. मग कान देऊन पडून राहिली. पाऊल वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. दाराच्या फटीतून फक्त गाळाचा वास आला... ओला, गार.

सकाळी पात्यावर चार बोटं उठली होती. तिनं आपली बोटं त्यांवर ठेवली; तिची फार बारीक. तशीच पातं घेऊन ती दगाकडे धावली.

"भाऊजी, हे आले होते."

दगानं पातं उन्हात धरलं. बराच वेळ धरलं.

"वहिनी... दादाच्या तर्जनीचं पेर करवतीखाली गेलं होतं. ही चारी बोटं पुरी आहेत. हा दादा नाही."

कोकिळा बघत राहिली. त्याच तोकड्या बोटानं तो तिच्या कपाळावरची बट मागं सारायचा. ते बोट तिला डोळे मिटूनही ओळखू यायचं.

"वर गेल्यावर... बोट भरून येत असेल, भाऊजी," ती हळूच म्हणाली.

आणि पदराच्या टोकानं तिनं स्वतःच कुंकू पुसलं. "पुतळा करा."

चुडामणचे दिवस झाले. हत्यारं दगाबरोबर नेपानगरला गेली. त्यांवर पुन्हा कधी डाग आला नाही.

कोकिळा एकटी राहते. घरातल्या विळीला, अडकित्त्याला ती आठवणीनं तेल लावते, फक्त दाराच्या कडीला लावत नाही. सकाळी कडी घातलेलीच असते, आणि तिच्यावर चार बोटं उठलेली असतात. पुरी.

त्या कडीला बाहेरून हात पोचत नाही.