भुंग्याचा भयमापक पट्टा

सुज्ञ वाचकहो, एका श्वानाच्या अंतःकरणातील भीती यंत्राने कशी मोजली गेली, आणि त्यातून एका मनुष्यप्राण्याचीच चूक कशी उघडकीस आली, ती हकीकत येथे विनयपूर्वक सादर करीत आहे.

इसवी सन २०७१. सांगलीच्या श्वानवर्तन प्रयोगशाळेत दमयंतीबाई घोरपडे हिरमुसून बसल्या होत्या. दुसरा कुत्रा दिसताच त्यांचा भुंग्या अंगात आल्यासारखा झेप घेई. वसाहतीचे अध्यक्ष बाबरसाहेब यांनी निक्षून बजावले होते : महिनाअखेरच्या परीक्षेत तो कुत्र्यावर धावला, तर त्याने वसाहत सोडायची.

प्रशिक्षिका रेहाना मुजावर यांनी भुंग्याच्या गळ्यात भयमापक पट्टा बांधला. "मावशी, याचं काळीज किती धडधडतंय त्यावरून भीती शंभरपैकी किती, ते पडद्यावर दिसतं. चला मैदानात."

दूरवर एक कुत्रा आला. भुंग्या गवत हुंगण्यात दंग, आकडा वीस. दमयंतीबाईंनी सवयीने त्या कुत्र्याच्या मालकाला हाक दिली, "काही करत नाही हो तो!"

आकडा थेट नव्वद!

रेहाना हसू दाबत म्हणाल्या, "त्यानं कुत्रा पाहिलाच नव्हता. तुमचं वाक्य ऐकलं! रोज त्यामागून कुत्रा येतो. त्याच्या लेखी ती शत्रू आल्याची वर्दी."

"अगं बाई! म्हणजे चार वर्षं मीच काडी लावत होते? आता तोंड शिवूनच घेते."

"तुम्ही गप्प बसाल, पण प्रत्येक कुत्रेवाला हेच ओरडतो. वाक्य तेच ठेवू, त्याचा अर्थ बदलू. आधी वाक्य, लागलीच कलेजीचा तुकडा."

पहिला आठवडा नुसते वाक्य आणि कलेजी. मग शंभर पावलांवर कुत्रा, मग पन्नास, मग दहा. आकडा उतरत गेला.

परीक्षेचा दिवस उजाडला. खाऊस बंदी होती. बाबरसाहेबांचा धिप्पाड सुलतान साखळी ओढीत आला, आणि साहेब सवयीने गरजले, "काही करत नाही हो!"

भुंग्या सुसाट सुटला. पट्टा दमयंतीबाईंच्या गळ्यात असता, तर नव्वदही कमी पडले असते!

परंतु सुलतानाकडे ढुंकूनही न पाहता भुंग्या साहेबांपुढे बसला व शेपटी हलवीत त्यांच्या खिशाकडे पाहू लागला. आकडा अवघा बारा.

"अहो, हा असा काय बघतोय?"

"साहेब, शब्द तुम्ही दिलात," रेहाना म्हणाल्या, "आता कलेजी काढा!"

साहेब पोट धरून हसले. भुंग्या वसाहतीतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्याही खिशात कलेजीची डबी आली.

आपण अमूल्य वेळ देऊन ही कथा वाचलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दत्ताराम लव्हटे