कमळीला विचारून

माझं पार्लर लातूरला, शिकवण्यांच्या गल्लीत आहे. दिवसभर खाली पोरापोरींचा लोंढा असतो. दुपारी अडीचला सगळे क्लासात गेले की गल्ली निपचित पडते, वर पंख्याचा आवाज तेवढा राहतो. मला ती वेळ आवडते. त्या वेळीच एकदा धुरपतामावशी आल्या.

मावशी दोन घरं सोडून पोरींची मेस चालवतात, डॉक्टरकीची तयारी करणाऱ्या पोरींची. वय पन्नाशीच्या आसपास, पण केस गुडघ्यापर्यंत.

"गौसिया, कापायच्या आधी टीव्हीवर दाखवतीस म्हणं तू."

टीव्ही म्हणजे टॅब. माझा भाऊ अबुजर यानं तो नांदेडहून आणून दिला होता. समोर बसलं की त्यात आपलाच चेहरा दिसतो, मशीन त्याच्याभोवती हिरवी चौकट आखतं आणि डोक्यावर पाहिजे तसे केस बसवतं. पोरी बघत बसतात तासन्‌तास.

"मावशी, इतके सुंदर केस कशाला कापता?"

"मान लई दुखायलीय. डॉक्टर म्हणले, भार कमी करा." मग वेणी पुढे घेत म्हणाल्या, "तीस वर्षं कात्री लावली न्हाई बघ."

त्यांचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपाच्या पहाटे घराचं माळवद, मातीचं जड छप्पर, कोसळलं आणि दोघी बहिणी खाली सापडल्या, धुरपता आणि धाकटी कमळी. कमळी चौदा वर्षांची. अंधारात तिनं बहिणीची वेणी मुठीत धरली आणि बोलता येत होतं तोवर बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी लोकांनी ढिगारा उपसला. वेणी कापून बाहेर काढतो म्हणाले, पण धुरपतानं कापू दिली नाही. कमळीचं एकेक बोट सोडवावं लागलं.

"तिनं धरलेले केस हायत हे... तिला न विचारता कसे कापू?"

मी टॅब आरशाला टेकवून ठेवला, मावशींना खुर्चीत बसवलं. त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली. मग आणखी एक आली. त्यांच्या डाव्या खांद्यामागे, रिकाम्या भिंतीवर.

मी वळून पाहिलं. फिकट गुलाबी भिंत, दुसरं काही नाही. मशीन कधी कधी चुकतं. मी खांद्यापर्यंतचा साधा कट लावला. तो मावशींच्या डोक्यावर बसला, आणि भिंतीपुढे हवेतही बसला. चेहरा नाही, मान नाही, नुसते केस. दोन्ही बाजूंनी उतरलेले, मधे गुलाबी भिंत. श्वास घेतल्यासारखे ते खालीवर होत होते. खोलीत कोरड्या मातीचा वास आला, जुनं घर पाडताना येतो तसा.

टॅब बंद करायला मी हात पुढे केला.

"राहू दे," मावशी हळूच म्हणाल्या. "तेवढीच उंच हाय ती... अजून."

खरं सांगते, त्यांच्या आवाजात भीती नव्हती, म्हणून माझीही अर्धी गेली.

"दुसरं दाखव तिला..."

मी बोट सरकवलं. बॉब कट. भिंतीपुढचे केस डावीकडे, उजवीकडे हलले. नाही म्हणावं तसे. स्टेप कट. पुन्हा नाही. लेयर... नाही. फिरून तो खांद्यापर्यंतचा साधा कट आला, तेव्हा केस थांबले. मग सावकाश पुढे झुकले आणि मागे गेले. एकदाच.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या.

"हाव म्हणली. काप आता."

मी कात्री लावली. पहिल्या बटेला त्यांचं डोकं किंचित मागे ओढलं गेलं, कुणी केस धरून ठेवावेत तसं. मग सुटलं. पुढे कात्री सरळ चालली.

कापून झाल्यावर टॅबमध्ये एकच चौकट होती. मावशींनी मान इकडंतिकडं वळवून बघितली.

"हलकं वाटायलंय गं... लई हलकं."

त्या संध्याकाळी त्यांनी मेसच्या पोरींना शिरा करून घातला. आजही महिन्याला येतात, टोकं सारखी करून घेतात, चहा पिऊन जातात. मान दुखत नाही म्हणतात. मलाही त्या दिवशी आपण काही चांगलं केलं असं वाटतं.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या गेल्यावर मी झाडून घेतलं. सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मावशींचे केस निम्मे पांढरे, लांबच लांब. त्यांच्यात एक बट वेगळी निघाली. काळीभोर, मऊ, वीतभर, मातीनं भरलेली. मला ती फेकवली नाही. धुऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवली. मावशींना काही बोलले नाही.

परवा ईदची साफसफाई काढली, तर डब्याचं झाकण वर आलेलं. मी दाबून बघितलं, बसेना.

आत केस मावत नव्हते.