पट्टेरी ट्रम्पेटरची मादी

थेल्माची बोट चार दिवस एकाच माशासाठी भटकत होती. टास्मानियाच्या दक्षिण टोकाजवळच्या खोल खडकांवरून अंड्यावर आलेली ट्रम्पेटर माशाची मादी जिवंत आणायची होती. मत्स्यबीज केंद्रातल्या सगळ्या माद्या रोगाने गेल्या होत्या आणि केंद्रातून बोटीवर सोबत आलेल्या ब्रॉनविनचं चार वर्षांचं संशोधन त्यामुळे अडलं होतं.

शेवटच्या दुपारी गळ जड झाला. थेल्माच्या भावाने, क्लॅरीने, दीडशे मीटर दोरी ओढून काढली. जाड ओठांची, अंगावर तीन काळे पट्टे असलेली थोराड मादी फळीवर येताच घुरघुरली.

"थेल्मे, ही तर तुझ्यासारखीच कुरकुरतेय!"

"हस मेल्या. टाकी उघड आधी."

ब्रॉनविनने खोलातून वर येताना मादीच्या पोटात फुगलेली हवा सुईने काढली आणि तिला टाकीत सोडलं. चार दिवसांत ब्रॉनविन पहिल्यांदाच हसली.

तासाभरात नैर्ऋत्येचा वारा सुटला. परतीच्या वाटेवर इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत येतं ते तोंड समुद्रशेवाळाने बुजलं. इंजिन तापलं. बंद पडलं! क्लॅरी पालथा पडून दोन्ही हातांनी शेवाळ उपसू लागला. बोट खडकांकडे सरकत होती. टाकीचा पंप मात्र बॅटरीवर चालूच होता.

"निघालं सगळं!" क्लॅरी ओरडला.

थेल्माने किल्ली फिरवली. नुसती कटकट. दिवा मंदावला.

"बॅटरी उतरलीय. पंप आता खाडीत पोचेपर्यंत बंद ठेवावा लागेल," ती म्हणाली. तिचे खांदे इतके दुखत होते की आवाज चढवायचंही त्राण नव्हतं.

"थांबलेल्या पाण्यात ती मरेल!"

"मग ती टाकीत नको, ब्रॉन."

लाटा खडकांवर फुटत होत्या. ब्रॉनविनने मादीला दोन्ही हातांवर उचललं आणि काठावरून खाली सोडलं. पट्टे क्षणभर दिसले, मग हिरव्या पाण्यात विरले.

पंप बंद. किल्ली फिरली. इंजिन खोकललं... थांबलं... पुन्हा खोकललं आणि धरलं! थेल्माने सुकाणू गरकन फिरवलं. डावीकडचा खडक हाताला लागेल इतक्या जवळून मागे गेला.

संध्याकाळी खाडीच्या शांत पाण्यात नांगर पडला. तिघं ओल्या कपड्यांतच बसून राहिली. चहा करायलाही कुणी उठेना.

"तिच्या पोटात अंडी होती," ब्रॉनविन म्हणाली.

"असणारच. घालू दे तिला तिच्या जागी," थेल्मा म्हणाली आणि बूट न काढताच आडवी झाली.