मिसेस ग्रिमशॉचं निळं रेशीम

कुणी मानो न मानो, हे घडलंय. लेटी माझ्या आजीची थोरली बहीण, आणि आजी तेव्हा त्याच खोलीत होती.

१७९७ चा फेब्रुवारी. इंग्लंडमधलं व्हिटबी बंदर. भर दुपार.

रविवारी लेटीचं लग्न होतं. नवरा देवमासे मारणाऱ्या जहाजावर, मार्चमध्ये निघणार. लेटीला लग्नात नवी फॅशन हवी होती. कंबर थेट छातीखाली, आत हाडाच्या पट्ट्यांचा, पाठीशी नाडीने आवळायचा कॉर्सेट नाही.

तिची आई टॅबिथा गावाचे झगे शिवायची. तिच्याकडे मिसेस ग्रिमशॉचा निळा रेशमी झगा होता. ती म्हातारी मरेपर्यंत कॉर्सेट आवळून ताठ बसायची. नव्या झग्यातली पोरगी दिसली की विचारायची, "काय गं, अंथरुणातून उठून तशीच आलीस?"

आपल्याला त्या निळ्या झग्यातच पुरावं, अशी तिची इच्छा होती. पण कायद्याने मढं लोकरीतच पुरावं लागे. मेल्यावर तिच्या अंगावरून झगा टॅबिथानेच उतरवला. म्हातारीच्या घरच्यांनी तो टॅबिथालाच देऊन टाकला. आता त्याचाच लेटीचा लग्नाचा झगा होणार होता.

"आई, मेलेल्या बाईचा आहे गं."

"मग? ती काय आता नाचायला येणार आहे?"

टॅबिथाने शिवण उसवली. लेटीच्या अंगावरच कापड बसवून छातीखाली टाचण्या लावल्या आणि कात्री घ्यायला वळली.

परत बघते तर... टाचण्या खाली. जुन्या कमरेवर.

"हलू नकोस म्हटलं ना!"

"मी हलले नाही, आई."

पुन्हा लावल्या. पुन्हा खाली.

मग आवाज आला...

सर्र... सर्र...

भोकांतून नाडी ओढल्यासारखा.

लेटीचे खांदे मागे खेचले गेले.

"आई, घट्ट होतंय."

"अगं, आत कॉर्सेट घातलाच नाहीयेस तू!"

तरी टॅबिथा घाबरली. तिने रेशीम उभं कापलं. झगा पायाशी पडला.

आवाज थांबला नाही...

तिने आतली शमीजही फाडली आणि लेटीच्या पाठीवर हात ठेवला. उघड्या कातडीवर काहीच नव्हतं. पण बोटांना लागत होत्या... देवमाशाच्या हाडाच्या पट्ट्या. एकेक. टॅबिथाने जन्मभर कॉर्सेट शिवले होते, तिची बोटं चुकणं शक्य नव्हतं.

"सैल कर ना, आई..."

"करते, राजा. करते."

ती उघड्या पाठीवर गाठ शोधत राहिली. वर, खाली, कमरेपाशी. गाठ कुठेच नव्हती. लेटीचा श्वास लहान होत गेला, मग घेता येईना.

आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. दाराशी उभी राहून रडण्याशिवाय तिला काही करता आलं नाही.

डॉक्टर म्हणाला, छातीत थंडी बसली. गावाने नव्या पातळ कपड्यांना नावं ठेवली. रविवारी लेटीला लोकरीत पुरलं.

झगा उतरवला टॅबिथाने, मग म्हातारीचा राग लेटीवर का, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

आता १८६० साल आहे, कॉर्सेटची फॅशन केव्हाच परत आली. माझी मुलगी सोळाची झाली, तिला हवाच आहे. सगळ्या मैत्रिणी घालतात म्हणते. मी नाही म्हणते, पण कारण सांगायला तोंड उघडत नाही.

काल ती आरशासमोर उभी होती. साध्या झग्यात, आत कॉर्सेट नाही, तरी एकदम ताठ.

मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. थोडं घट्ट वाटतंय."