दुसऱ्याची बरगडी

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बनून आलेल्या भागांची मापं घ्यायची, केसभर फरक दिसला तरी तो भाग बाजूला काढायचा, हे माझं काम. म्हणूनच माझ्या नवऱ्याच्या, मनोजच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टर हर्षालींच्या बोलण्याने मला धीर आला.

"रेडिएशनच्या आधी मशीनवरच स्कॅन होतो, ज्योत्स्नाताई. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ किती आकसते, त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. अंदाज हं, खात्री नाही."

म्हणजे मोजता येण्यासारखी गोष्ट होती.

आमच्या आधीचा नंबर मल्हारींचा असायचा. चांदवडकडचे कांदेवाले शेतकरी. त्यांची बायको ठमाबाई बाकावर माझ्या शेजारी बसायची आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू बळेच हातात ठेवायची.

"आमच्या मालकांची गाठ निम्मी झाली म्हणत्यात, ताई. तुमची?"

आमची होती तेवढीच होती. मल्हारी आयुष्यभर विड्या ओढत आलेले; मनोजला सुपारीचंही व्यसन नाही. ठमाबाईचा लाडू मी पर्समध्ये टाकायचे आणि हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर कुत्र्याला घालायचे. तिच्या बांगड्या वाजल्या तरी माझं डोकं उठायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. मॅडम काय सांगत्यात ते माझ्यासंगं ऐका ना जरा."

मी आत गेले. पडद्यावर मल्हारींचे दोन स्कॅन शेजारी शेजारी होते, पहिला आणि त्या दिवशीचा. पहिल्यात लिंबाएवढा पांढरा गोळा. दुसऱ्यात त्या जागी नुसता पुसट डाग. डावीकडची एक बरगडी वाकडी सांधलेली दिसत होती.

"ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरनं पडले व्हते," ठमाबाईने सांगितलं आणि आनंदाने माझा हात धरला.

मी त्या डागाकडे बघत राहिले. हे मनोजचं असायला हवं होतं. दुसरं काहीच मनात येईना.

ठमाबाईने हात सोडला. "तुमचा हात लय गार हाय, ताई," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मनोजचा स्कॅन बघून डॉक्टर हर्षाली खुर्चीत पुढे सरकल्या. "एकदम एवढी आकसली? फारच छान."

मला रडूच आलं. डोळे पुसून मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. डावीकडची एक बरगडी वाकडी होती.

मी बोट दाखवलं. डॉक्टरांनी नाव पाहिलं, नंबर पाहिला, जुना स्कॅन काढून शेजारी लावला. जुन्या स्कॅनमधली बरगडी सरळ होती. त्यांनी मनोजला पुन्हा मशीनवर झोपवलं. पुन्हा तेच चित्र आलं.

"मनोजराव, कधी पडला होतात का?"

त्याने बरगडीवर हात ठेवला. जरा विचार केला.

"हो," तो म्हणाला. "ट्रॉलीवरून."

तो आयुष्यात कधी ट्रॉलीत बसला नव्हता.

बाहेर ठमाबाई बाकावर होती. डबा उघडला नव्हता.

"यांची गाठ परत वाढली," ती म्हणाली. "आन् बरगडी कधी मोडलीच नव्हती म्हणत्यात."



मल्हारी दिवाळीआधी गेले.

मनोज बरा झाला. अंगावर मांस चढलं, आवाज भरला. फक्त माझ्याशी तो फार अदबीने बोलायला लागला, जसं कुणाच्या घरी मुक्कामाला उतरलेला माणूस बोलतो. पाणी दिलं तर संकोचायचा. रात्री पलंगाच्या अगदी कडेला झोपायचा.

थंडीत एकदा ठमाबाई घरी आली. "तुमचे मालक बरे झाले, म्हणलं बघून यावं."

मनोज जेवत होता. त्याने वर पाहिलं नाही. तिनेही काही विचारलं नाही, भिंतीशी खाली बसली. अर्धी भाकरी आणि थोडं कालवण ताटात ठेवून तो उठला.

तिला वाढायला म्हणून मी स्वयंपाकघरातून स्वच्छ ताट आणलं.

ठमाबाईने त्याचं उष्टं ताट पुढे ओढलं होतं आणि ती सावकाश जेवत होती. मनोज दारात उभा राहून हात पुसत होता.

"मीठ कमी हाय," तो तिला म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.