थांबवलेली सतरा पत्रं

त्या फळीवरचा रेडिओ विकायचा नाही. तिसऱ्यांदा विचारताय. स्वस्तात मिळेल म्हणून मघापासून त्याच्यावरून हात फिरवताय, कळतंय मला. तुमच्या बोटीवर नवा बसवून दिलाय, सकाळी निघालात की तोच वापरायचा. आता बसा चौघं, आणि हा का विकत नाही ते ऐकून जा.

हा माझ्या दाजींच्या बोटीवरचा. दाजी म्हणजे माझ्या मामेबहिणीचा नवरा. समुद्रात मोबाइल चालत नाही, म्हणून ईमेल कॉम्प्युटरवर लिहायचा, रेडिओ किनाऱ्यावरच्या केंद्राला जोडायचा, मग तो कुईकुई करत पाठवतो. बहीण लिहायची, दाजी पाठवायचे. एखादं पत्र जाऊ द्यायचं नसेल तर त्याच्यावर 'थांबव' अशी खूण करायची. तेही मीच शिकवलं. झक मारली आणि शिकवलं.

दोघं नवरा-बायको बोटीने समुद्रापार निघाले तेव्हा मामी ठणठणीत होती. बहीण तिला म्हणाली, रोज लिहीन. ईमेल माझ्या मामेभावाकडे येणार आणि तो आईला वाचून दाखवणार, असं ठरलं. पहिली पाच-सहा पत्रं आली तशी. मग मामी अंथरुणाला खिळली. भावाने बोटीवर कळवलं, आईचं काही खरं नाही, ताईला सांगा. ते पत्र उघडलं दाजींनी, आणि चक्क दाबून ठेवलं. बायको म्हणेल परत फिरा, म्हणून. समुद्र पार करायची हौस होती ना यांना! भावाने पुन्हा लिहिलं, तेही दाबलं. आता बहिणीचं पत्र घरी गेलं तर भावाला कळणार, की हिला कशाचा पत्ताच नाही. म्हणून तिचीही पत्रं थांबवली. ती बिचारी रोज लिहायची, रोज विचारायची, घरून उत्तर का नाही? हे सांगायचे, रेडिओची हवा खराब आहे, आपलं जातंय पण तिकडचं येत नाही.

सतरा दिवस. तिकडे मामी संध्याकाळी सात वाजले की विचारायची, आलं का रे ताईचं? भाऊ मान हलवायचा आणि मनात बहिणीला शिव्या घालायचा. आज इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना माझं डोकं अजून फिरतं. एका बाईचं शेवटचं मागणं ते काय, तर चार ओळी.

अकरा एप्रिल, मंगळवारची रात्र. हे दाजींनी स्वतः सांगितलंय, याच स्टुलावर बसून. पहारा त्यांचा होता. बहीण पुढच्या केबिनमध्ये झोपलेली. वारा बेताचा. रेडिओच्या टेबलावर घरच्या वेळेचं घड्याळ होतं, त्यात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

रेडिओचा दिवा लागला.

त्यांना वाटलं, बटण चालू राहिलं असेल. बटण बंद होतं. मग कुईकुई सुरू झाली. पडद्यावर थांबवलेल्यांतलं पहिलं पत्र गेलं. 'आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?' हे ते. मग दुसरं. दाजींनी बॅटरीचा मुख्य स्विच पाडला. बोटीवरचे सगळे दिवे विझले. रेडिओचा नाही विझला. तिसरं गेलं. चौथं...

आता हे नीट ऐका, उद्या कामाला येईल. रेडिओ पाठवत असताना अँटेनाच्या वायरला हात लावायचा नसतो. चटका बसतो, पार आतपर्यंत. दाजींना हे माहीत होतं. तरी त्यांनी वायर उपटली आणि टोक मुठीत धरून उभे राहिले.

बारा. तेरा...

वायर कशालाच जोडलेली नव्हती. मूठ भाजत होती. उघडत नव्हती.

सोळा...

सतरा.

मूठ सुटली. दिवा गेला. नुसता पाण्याचा आवाज...

नवव्या दिवशी बंदर लागलं. बहिणीने धक्क्यावरून भावाला फोन केला. तो म्हणाला, आई अकरा तारखेला रात्री गेली, आणि तिला तोंडाला येईल ते बोलला. मग जरा निवला.

"शेवटी मात्र हसत होती. तुझ्या चपलेत उडता मासा येऊन पडला म्हणे."

"मीच लिहिलं होतं की ते. तूच वाचून दाखवलंस ना?"

"कुठलं पत्र, ताई?"

बहिणीने फोन ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं. तिने पिशवी उचलली आणि गेली. आजतागायत त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

दाजी बोट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, रेडिओ काढून घे. तळवा दाखवला. आडवी काळी रेघ, वायरीएवढी जाड. मी साधं पाणी विचारलं नाही त्यांना.

पुढे मामेभावाकडे गेलो. मामीचा ताप लिहायची एक वही होती. त्या रात्री ती जे जे बोलली ते भावाने मागच्या पानावर बहिणीसाठी उतरवून ठेवलं होतं. तेल लावते, काळजी नको. माशाचं. असं बरंच. शेवटची ओळ दाखवून तो म्हणाला, ही काही मला कळली नाही, हे बोलली आणि गेली.

'जावईबापू, वायर सोडा. हात भाजेल.'

ते पान मी मागून घेतलं. या खणात आहे, कुलपात. दाजी दोनदा येऊन विचारून गेले, सासूबाई जाताना माझ्याबद्दल काही बोलल्या का? मी सांगितलं, नाही. का सांगू? माफ केलं असं वाटेल त्यांना. तिने केलं असेल. मी नाही केलेलं.

हा रेडिओ तेव्हापासून फळीवर आहे. वायर नाही, बॅटरी नाही, मागून बघा हवं तर. रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा दिवा लागतो...

लागू दे. मी पान देणार नाही.