तीन झाडांचं घर

संत्र्याला बहर हवा असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. सौसर-पांढुर्ण्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. महिना-दीड महिना झाडाला थेंबही द्यायचा नाही. दुपारी पानं मिटू लागतात, मग पिवळी पडतात, मग गळतात. चौथा हिस्सा पानं गळाली की पाणी सोडायचं, आणि झाड असं फुलतं की फांदी दिसत नाही. याला ताण देणं म्हणतात. खरी कला ताण देण्यात नाही, तो कधी तोडायचा हे ओळखण्यात आहे. आठ दिवस आधी तोडला तर नुसती पालवी फुटते. आठ दिवस उशीर झाला तर झाड सरपणाला जातं.

सावळधऱ्यात ही ओळख तुळशीरामांना होती. रामाकोन्याच्या रस्त्यावरून आत वळलं की चार किलोमीटरवर हे गाव. तुळशीरामांची उमर दुसऱ्यांच्या बगिच्यांत राबण्यात गेली होती. स्वतःची अशी दोनशे झाडं झाली ती साठीच्या आसपास. तरी डिसेंबर लागला की मोठे मोठे बगिचेवाले त्यांना न्यायला यायचे. ते झाडांतून फिरत, एखादं पान चुरगळून पाहत आणि म्हणत, "अजून नाही." कधी म्हणत, "आता." त्यावर कोणी वाद घालत नसे.

त्यांची मुलगी प्रज्ञा वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेली, सौसरला शेतकऱ्यांच्या संस्थेत नोकरीला होती. रोज स्कूटीनं जाऊन येऊन करायची. पाण्याचं नियोजन करणारं यंत्र गावात आणलं ते तिनंच. मातीत ओलावा मोजणारे काटे, झाडांवर कॅमेरे, ठिबकच्या नळ्यांवर आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यावरून स्वतःच शिकत जाणारी एक प्रणाली. लोकांनी तिचं नाव ठेवलं पाटकरी. कालव्याचं पाणी वाटणारा माणूस तो पाटकरी, हा बिनमाणसाचा.

पाटकऱ्याला शिकवायला प्रज्ञानं बापाच्या छातीला कॅमेरा बांधला आणि दोन हंगाम त्यांना झाडांतून फिरवलं. 'अजून नाही' आणि 'आता' या दोन शब्दांच्या मध्ये नेमकं काय असतं, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"झाडाले मरणाचं भेव दाखवाचं, मरू द्याचं नाही," तुळशीराम म्हणाले. "भेव किती झालं, थे पाहाचं."

कॅमेरा तेव्हाही चालू होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चाळीस बगिच्यांचा ताण पाटकऱ्यानं सांभाळला. आदल्या वर्षी अंदाज चुकून गावातली तीनेकशे झाडं वाळली होती. यंदा अकरा. तुळशीरामांना बरं वाटलं आणि थोडं लागलंही. माह्या डोळ्यापेक्षा बेस हाय, ते लोकांना सांगत. चहा मागत नाही, एवढीच त्याची खोट.

मार्चमध्ये गावच्या नळावरून वरच्या आणि खालच्या गल्लीत डोकी फुटायची वेळ आली. सरपंच अर्चनाबाई प्रज्ञाकडे आल्या. पाटकरी बगिच्याले न्यायानं पाणी देते, तर घरांले काहून नाही? कुणावर आरोप नको, कुणाचा वशिला नको. कल्पना चांगली होती. यंत्राच्या कंपनीचा कुणाल नागपूरहून आला आणि एकशे बारा घरांच्या नळांवर पांढरे डबे बसवून गेला.

घरांची नोंद करायला मात्र प्रणालीत वेगळा फॉर्म नव्हता. होता तो बगिच्याचा. नवा करून पाठवायला पंधरा दिवस लागतील, असं कुणाल म्हणाला. गावाला घाई होती. प्रज्ञानं एका दुपारी बसून तोच फॉर्म एकशे बारा वेळा भरला. 'झाडांची संख्या' म्हणून माणसांची संख्या. 'झाडाचं वय' म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं वय. स्वतःच्या घरापुढे तिनं लिहिलं: झाडं तीन, वय सदुसष्ट. ते सदुसष्ट तिच्या आईचं, लीलाबाईंचं; तुळशीराम त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान.

एप्रिलमध्ये काही घरांचं पाणी बंद झालं. पूर्ण नाही, माणशी एक लोटा सुटायचा, पहाटे. कुणालनं तपासलं. डब्यात दोष नव्हता, टाकी भरलेली होती. गावची विहीर नळयोजनेत गेल्यापासून तिच्यावर स्लॅब होता आणि हापशीला फक्त वारा यायचा. शेजारी द्यायचे थोडंफार. मग एकेक करून त्या घरांत पाणी धो धो सुटलं.

आणि ती घरं बदलली. दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ ओट्यावर एका ताटात जेवताना दिसले. खाटेवरून न उठणारा गौरव नावाचा तरणा पोरगा पहाट फुटायच्या आत वावरात दिसू लागला. त्या घरांतल्या बायकांच्या चेहऱ्यावर एक तकतकी आली. लोक बघत होते. त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. जन्मभर संत्र्यात राहिलेली माणसं ती. ताण बसला, तुटला, आता बहर. मे लागेपर्यंत शेजाऱ्यांनी पाणी देणं बंद केलं. त्यात वैर नव्हतं. मध्येच पाणी पडलं तर बहर बिघडतो, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

प्रज्ञानं सौसरच्या ऑफिसात घरांची यादी उघडली. बगिच्यांच्या तक्त्यात असतात तेच रकाने होते: ओलावा, पान मिटणे, पानगळ. ओलाव्याच्या जागी नळाचं मीटर आहे, हे तिला समजलं. पण 'पान मिटणे' मोजायला गावात काहीच बसवलेलं नव्हतं. तरी प्रत्येक घरापुढे आकडा होता आणि तो रोज बदलत होता. तिनं कुणालला फोन केला. त्यानं आपल्या बाजूनं तोच तक्ता उघडला आणि म्हणाला, "मॅडम, मला इथे दोन रकाने कोरे दिसतात."

तिनं पानगळीचा रकाना घेतला. बहुतेक घरांपुढे शून्य. चार घरांपुढे एक. ही चार घरं म्हणजे ताण तुटलेली घरं. गौरवचा आजा एप्रिलमध्ये गेला होता. त्या दोन भावांची आई गेली होती. उरलेल्या दोन घरांतही एकेक जुनं माणूस. उन्हाळा होता, वयं झाली होती, कोणाला नवल वाटलं नव्हतं. प्रज्ञानं पंचायतीतून मृत्यूच्या वेळा मागवल्या आणि पाणी सुटल्याच्या वेळांशेजारी लिहिल्या. प्रत्येक वेळी पाणी तासाभराच्या आत सुटलं होतं. नंतर.

चार हा आकडा लहान आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. चारावरून काही सिद्ध होत नाही. मग तिनं यादी खाली सरकवली आणि स्वतःचं घर काढलं.

झाडं तीन. ताण सुरू, दिवस पहिला. अपेक्षित पानगळ: एक.

लीलाबाईंचं एक मूत्रपिंड निकामी होतं. नागपूरच्या डॉक्टरनं दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं होतं, औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं म्हणून. प्रज्ञानं त्याच दुपारी प्रणालीतून आपलं घर काढून टाकलं. यादीत ते पुन्हा दिसलं. तिनं मग सगळी घरं काढली, कुणालला सांगून कंपनीकडूनही बंद करवलं. डब्यांवरचे हिरवे दिवे विझले. ताणावरच्या घरांचे नळ मात्र तसेच कोरडे राहिले. सौसरहून वीस लिटरचा जार स्कूटीवर पायांत धरून ती घरी आली.

लीलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. ओठ सुकले होते. जार पाहून त्यांनी मान फिरवली.

"ताणाच्या मधात पाणी देत नसतात बाई," त्या म्हणाल्या. "तू तं शिकेल हायेस."

"आई, तू झाड नाहीस."

"झाडाले तरी कुठं मालूम असते."

लेकीनं समजावलं, रागावली, शेवटी रडली. लीलाबाई मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि जारच्या पाण्याला शिवल्या नाहीत. पहाटेच्या लोट्यातलंही दोन घोट सोडून बाकीचं त्यांनी दारातल्या कुंडीत ओतलेलं प्रज्ञानं पाहिलं. दवाखान्यात न्यायला बोलावलेल्या गाडीत त्या चढल्या नाहीत. दाराची चौकट त्यांनी अशी धरली की प्रज्ञा आणि ड्रायव्हर, दोघांना मिळूनही बोटं सोडवता येईनात. चौथ्या दिवशी पायांवर सूज आली. सहाव्या दिवशी त्या बोलताना वाक्य मध्येच सोडू लागल्या.

अर्चनाबाई भेटायला आल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर ती तकतकी होती. "आता जास्ती दिवस नाही राह्यले," त्या प्रज्ञाला धीर देत म्हणाल्या, आणि आपण जे बोललो त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या डोळ्यांत कुठे दिसलं नाही.

तुळशीराम सहा दिवस नुसते पाहत होते. सातव्या दिवशी दुपारी ते लीलाबाईंच्या समोर उकिडवे बसले. त्यांनी बायकोच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. पान चुरगळून पाहताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच तो झाला. बाबाही आता 'अजून नाही' म्हणणार, असं प्रज्ञाला वाटलं.

ते उठले. कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, घेतली.

"झाडाले तोंड नाही, म्हणून त्याचं मी ठरवत होतो," ते म्हणाले. "माणसाचं ठरवाले याले कोणं सांगतलं?"

"मी फॉर्म भरला, बाबा."

"तू कागद भरला. शिकवलं मी." त्यांनी दाराजवळच्या पांढऱ्या डब्यावर सब्बल घातली.

पहिल्या घावाला डबा चेपला. दुसऱ्याला नळापासून सुटून धुळीत पडला. नळ कोरडाच होता. तुळशीरामांनी डब्याच्या मागचा, अजून नळी दाबून असलेला पितळी खिळा चिमट्यात धरला आणि ओढला. खिळा हलला, आणि परत आत गेला.

वायर तुटलेली होती. प्रज्ञानं ती स्वतःच्या हातात धरलेली होती.

तिनंही चिमटा धरला. दोघांच्या चार हातांविरुद्ध काहीतरी शांतपणे, न थकता आत दाबत होतं. जोर फार नव्हता. पण तो कमीही होत नव्हता.

गल्लीत माणसं जमली. अर्चनाबाई पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "काका, बिघडवू नका जी. उद्याच्याले सुटूनच राह्यलं."

"उद्या कोण मरून राह्यलं, थे सांगा मंग."

अर्चनाबाईंची नजर ओट्याकडे गेली.

"पाण्यासाठी हात जोडाची आमच्यात रीत नाही, सरपंच," तुळशीराम म्हणाले. "बाजू व्हा."

त्यांनी खिळा सोडला, सब्बल नळीखाली घातली आणि नळीच उखडली. खिळ्याच्या पलीकडून, टाकीच्या बाजूनं.

पाणी पुरुषभर उंच उडालं.

प्रज्ञानं लोटा भरला. लीलाबाईंनी तोंड मिटून घेतलं. तुळशीराम ओले निथळत त्यांच्यासमोर बसले, आणि बगिच्यात फिरताना काढायचे त्या आवाजात, एकच शब्द बोलले.

"आता."

लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. प्यायल्या. लोटा संपला, दुसरा संपला. तिसऱ्याला त्या रडू लागल्या, आणि डोळ्यांतून पाणी येतंय हे पाहून प्रज्ञाही.

ताणावरची आणखी दहा घरं होती. सदुसष्टीच्या बायकोला लेकीच्या ओटीत ठेवून पासष्टीचा तो माणूस सब्बल घेऊन निघाला. तिसऱ्या घराशी चार जणांनी वाट अडवली. तुळशीरामांनी सब्बल उचलली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त त्या चौघांना एकेकाच्या नावानं विचारलं, तुह्या बापाच्या बगिच्याचा ताण कोणं तोडला होता? चौघं बाजूला झाले. दिवस मावळायच्या आत अकरा नळ्या उखडल्या गेल्या आणि गल्लीतून पाण्याचा ओहोळ वाहत होता.

प्रज्ञानं यादी उघडून पाहिली. आपल्या घरापुढे पानगळ शून्य. तिनं पडदा बंद केला. शून्य, हे तिला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी सौसरला जाऊन तिनं सर्व्हरच्या तारा स्वतः काढल्या, आणि काय झालं ते सगळं, स्वतःच्या चुकीसकट, लिहून कलेक्टर कचेरीत दिलं. तिथल्या बाबूनं पोच दिली आणि विचारलं की मॅडम, आपण कुठलं अत्तर लावता.

चार दिवसांत लीलाबाईंची सूज उतरली. त्या स्वयंपाक करू लागल्या, हसू लागल्या, शेजारणींना जुन्या गमती सांगू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्या अंगणात केस सुकवत बसल्या होत्या. मे महिन्याचं ऊन, वारा नाही. प्रज्ञा त्यांना पाणी द्यायला वाकली आणि तशीच थांबली. बगिच्यांतला बहर केव्हाच सरला होता, तरी संत्र्याच्या फुलांचा वास होता, दाट, जवळून, आईच्या केसांतून.

तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं. तुळशीरामांनाही तो आला होता. ते सब्बल घेऊन आले आणि ती आडवी ठेवून अंगणाच्या फाटकात बसले, रस्त्याकडे तोंड करून, कोणी बहर तोडायला आलंच तर.

लीलाबाईंच्या ओल्या केसांवर एक मधमाशी येऊन बसली. मग दुसरी. त्यांनी त्या हाकलल्या नाहीत. मान जराशी कलती केली, नीट बसता यावं म्हणून.